बारीक न होणारं अक्षर

आमच्या छपाईच्या दुकानात एक अक्षर आहे, म्हणजे फॉन्ट, त्याला आम्ही मालगुजार म्हणतो. कॉम्प्युटरमध्ये त्याचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण त्या नावाने त्याला दुकानात कोणी हाक मारत नाही. उभ्या दांड्या बोटभर जाड, आणि त्या दांड्यांना जोडणारी वळणं इतकी बारीक की कागदावर केस पडलाय म्हणून झटकायला जावं. त्याची इंग्रजी भावंडंही तशीच. पोट सुटलेलं, कंबर नाहीच, आणि प्रत्येक पायाखाली एक बारीक आडवी रेघ, जणू पाटावर उभं राहिल्याशिवाय बोलणार नाही. जे जाड ते जाड, जे बारीक ते बारीक. ‘थोडंसं’ हा प्रकार या अक्षराला ठाऊक नाही.

नाव माझ्या नवऱ्याने ठेवलं. चार ओळींची जागा द्या, हे सहा ओळींची घेणार. जुना मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, बैठकीत मांडी पसरून बसायचा आणि बाकीच्यांनी भिंतीला टेकून उभं राहायचं, तसं ते कागदावर बसतं. त्याच्या शेजारी दुसरं कुठलंही अक्षर ठेवलं की ते बिचारं नोकरासारखं दिसायला लागतं.

पुष्कळ लोकांना ते सोसत नाही. शिकवणीचे क्लास चालवणारे एक सर पोस्टर परत घेऊन आले होते. म्हणाले, ‘‘मॅडम, हे अक्षर भांडून राहिलं.’’ मी म्हटलं, ‘‘भांडत नाही सर, सांगून राहिलं.’’ इतवारी बाजारातल्या सराफांना मात्र ते बरोब्बर कळतं. एवढ्याशा दुकानावर एकच शब्द, मालगुजारात, मरून रंगावर सोनेरी. गल्लीत हातगाड्या, टेंपो, माणसं, सगळी दाटी असते, पण तो शब्द कोपऱ्यावरून वाचता येतो. मला हे अक्षर आवडतं. ते कोणाची समजूत काढत बसत नाही, म्हणून आवडतं.

त्याची अट एकच, त्याला लहान करायचं नाही. आमची छपाई जाळीची. मजकूर आधी बटर पेपरवर काळा काढायचा, त्यावरून जाळीवर उतरवायचा, मग जाळीतून शाई ओढून कार्डावर. मोठ्या अक्षराच्या बारीक रेघा जाळीवर नीट उघडतात. लहान अक्षराच्या उघडतच नाहीत, शाई जातच नाही. वळणं उडतात आणि नुसत्या दांड्या उरतात. नवऱ्याने एका कार्डाच्या पाठीवर स्केचपेनने लिहून माझ्या टेबलासमोर चिकटवलं होतं, ‘अठराच्या खाली मालगुजार नाही.’ अठरा म्हणजे अक्षराचं माप. ते कार्ड अजून तिथेच आहे, कोपरे पिवळे पडलेत.

तो गेला त्याला अकरा वर्षं झाली. तेराव्याला पाहुणे पांगले आणि माझे मोठे दीर मला म्हणाले, ‘‘दुकान विकून टाक. बाईमाणसाचं काम नोहे थे.’’ मी महाल भागातल्या त्या दुकानात लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून बसत होते. मजकूर मी लावायची, म्हणजे अक्षरं जुळवायची. नवरा गिऱ्हाइकांशी बोलायचा, जाळी ओढायचा आणि चहा मागवायचा. माणूस गोड होता, पण ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडूनच तपासून घ्यायचा. दिरांना हे माहीत नव्हतं असं नाही. मी दुकान विकलं नाही. ऐकून घेण्याचा माझा पिंडच नाही. माहेरी, नरखेडकडे, संत्र्याचा तोडा आला की आम्हा बहिणींना झाडाखाली फळं निवडायला बसवत. डागी फळ चांगल्याच्या खाली दडव, असं कोणी म्हटलं की मी ते उचलून सगळ्यांत वर ठेवायची. त्यासाठी मार खाल्लाय.

माझे दीर वाईट माणूस नाहीत, हेही सांगून ठेवते. सरकारी कचेरीत कारकुनी करून रिटायर झाले. माझ्या पोरीला सायकल शिकवली ती त्यांनीच. त्यांची एक खोड मात्र आहे. नको असलेली गोष्ट पुढ्यात आली की त्यांचा चष्मा घरी राहिलेला असतो, आणि घरीच असले तर सापडत नसतो. त्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका मीच लावली होती. तेव्हा माझ्या जाऊबाई त्यांना हळूच म्हणाल्या होत्या, ‘‘त्याच्यात माहं नाव नाही दिसत.’’ पत्रिकेवर ‘सौ. व श्री.’ आणि पुढे दिरांचं पूर्ण नाव होतं, सगळीकडे असतं तसं. दिरांनी खिसा चाचपला. ‘‘चष्मा नाही आणला. मंग पाहू.’’ मग कोणी पाहिलं नाही, आणि मी छापून दिली.

लग्नाची पत्रिका ही काय चीज आहे हे ज्याने लावली त्यालाच कळतं. नवरा-नवरीची नावं सर्वांत सोपी. खरं रणांगण खाली असतं. कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर, कोणाचं ठळक, कोणाचं साधं. मोठ्या काकांपेक्षा धाकट्या काकांचं नाव लांब असेल तर ते ओळीत जास्त जागा घेतं, आणि त्यावरून मोठ्या काकू रुसतात. आपलं नाव ‘समस्त परिवार’च्या खाली आलं म्हणून एक मामा पंगतीत बसले नव्हते. लोक फूटपट्टी लावून अक्षरं मोजतात हे मी स्वतः पाहिलंय. आणि तरी इतक्या भांडणांत एका बाईसाठी कोणी भांडताना मी पाहिलं नाही. नवरा गेलेली आई. तिच्या नवऱ्याचं नाव ‘कै.’ लावून वर येतं, निमंत्रक म्हणून दीर नाहीतर भाऊ येतो, आणि ती स्वतः एकतर नसते, नाहीतर शेवटच्या ओळीत ‘श्रीमती’ होऊन बारीक बसलेली असते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पोरीचं लग्न ठरलं. ती बँकेत आहे. दुकानात शाईच्या डब्यांशी खेळत मोठी झालेली, त्यामुळे तिने पहिलीच गोष्ट सांगितली, ‘‘आई, माही पत्रिका मालगुजारातच पायजे.’’ मला काय, आनंदच झाला.

दोन दिवसांनी दीर मजकूर घेऊन आले. वहीच्या पानावर त्यांच्या वळणदार कचेरी अक्षरात लिहिलेला. मी वाचला. देवाचं नाव, पोरीचं नाव, ‘कै.’ लावून माझ्या नवऱ्याचं नाव, निमंत्रक म्हणून ‘सौ. व श्री.’ ते स्वतः. मी पान उलटून पाहिलं. मागेही काही नव्हतं.

‘‘भाऊजी, माहं नाव कुठं हाय?’’

‘‘अवं, तुह्या नवऱ्याचं आहे ना वरतं.’’

‘‘थे त्याइचं झालं. माहं?’’

ते थोडे गोंधळले. त्यांनी मला मुद्दाम गाळलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं आणि त्याचाच जास्त राग आला. मुद्दाम गाळायला आधी आठवावं लागतं. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘टाक मंग खाली, परिवारात. पण बारीक टाकजो. पयली पत्रिका देवापुढं ठेवा लागते. शुभकार्य हाय, लोकाइचं लक्ष जाते.’’

मी ‘बरं’ म्हणाले. हे लिहिताना अजून माझं मलाच काहीतरी फेकून मारावंसं वाटतं, पण म्हणाले. पोरीच्या लग्नात वितुष्ट नको, कन्यादानाला दीर-जाऊबाईच बसणार आहेत, असं बरंच काही डोक्यात आलं आणि तोंडातून ‘बरं’ निघालं.

दुसऱ्या दिवशी मजकूर लावायला घेतला. मालगुजार निवडला. पोरीचं नाव छत्तीस. बाकी मोठी नावं चोवीस. खाली परिवाराच्या ओळीत आले, ‘श्रीमती’ टाईप केलं, माझं नाव टाईप केलं आणि माप दिलं अकरा. सरळ पुढे गेले. समोर भिंतीवर नवऱ्याच्या अक्षरात ‘अठराच्या खाली मालगुजार नाही’ लिहिलेलं आहे. इतक्या वर्षांत तो नियम मी एकदाही मोडला नव्हता, कितीही मोठं गिऱ्हाईक असो. स्वतःच्या नावासाठी मोडला आणि मला कळलंसुद्धा नाही.

नमुन्याची चार कार्डं काढून वाळत ठेवली. संध्याकाळी पोरगी बँकेतून थेट दुकानात आली. एक कार्ड उचललं, स्वतःचं नाव पाहून खूश झाली, मग खाली पाहत भुवया वर केल्या.

‘‘आई, हा बारकोड काहून टाकला इथं?’’

मी चष्मा लावून पाहिलं. वळणं सगळी उडाली होती. वेलांटी नाही, मात्रा नाही, अक्षराचं पोट नाही. नुसत्या काळ्या उभ्या रेघा, एकीला लागून एक, किराणा दुकानात मशीनखाली धरतात तशा.

‘‘बारकोड नाही वं,’’ मी म्हटलं. ‘‘मी आहे.’’

ती हसली नाही. कार्ड खाली ठेवून म्हणाली, ‘‘बारीक करायले कोणं सांगतलं?’’

मोठ्या बाबांनी, म्हणजे दिरांनी, असं मी म्हणणार होते. पण त्यांनी फक्त ‘बारीक’ म्हटलं होतं. अकरा मी दाबलं होतं, माझ्या बोटाने, सवयीने. सवयीने म्हणजे कधीपासून? मी नमुन्यांचा अल्बम खाली काढला. गिऱ्हाइकांना दाखवायला प्रत्येक कामाचं एक कार्ड आम्ही त्यात लावून ठेवतो. एकेक पान उलटत गेले, पोरगी शेजारी उभी. जिथे जिथे ‘श्रीमती’ होती तिथे तिथे ती बारीक होती. बाकीची नावं चौदा, तर ती दहा. बाकी सोळा, तर ती अकरा. साध्या अक्षरात लावलेली होती म्हणून वाचता येत होती इतकंच. यांतल्या कित्येक पत्रिकांचे हाताने लिहिलेले मजकूर मला आठवत होते. कोणी ‘बारीक’ असं लिहून दिलं नव्हतं. मीच करत आले होते, आपण होऊन, नवरा असतानाही आणि गेल्यावरही.

एक पत्रिका मी अल्बममधून बाहेर काढली. पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई मुलाच्या लग्नाची पत्रिका न्यायला स्वतः आल्या होत्या. गठ्ठा सोडून एक कार्ड काढलं, खालच्या ओळीत बारीक बसलेल्या स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं, ‘‘बरं झालं’’ म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं होतं, काम आवडलं. आता मला लाज वाटली, खरीखुरी लाज, मान खाली घालायला लावणारी. इतकी वर्षं मी समजत होते की मी कोणाला भीत नाही.

मी खुर्ची ओढली आणि पत्रिका नव्याने लावली. आधी ‘श्रीमती’ काढलं. नुसतं नाव ठेवलं, निमंत्रक म्हणून, सर्वांत आधी, चोवीसमध्ये. त्याखाली ‘कै.’ लावून नवऱ्याचं नाव, चोवीस. त्याखाली ‘सौ. व श्री.’ दीर, चोवीस. माझं नाव तसं काही भारदस्त नाही, खेड्यात ठेवतात तसं साधं आहे. पण त्या अक्षरात ते पाहिलं आणि मला स्वतःचीच ओळख नव्याने झाल्यासारखी वाटली. पोरीने स्क्रीनचा फोटो काढून नवऱ्या मुलाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘‘भारी.’’ मला जावई तेव्हाच पसंत पडला.

नमुना पाहायला दीर दुकानात आले. त्या दिवशी चष्मा आठवणीने आणला होता, कारण चुका काढायच्या होत्या. कार्ड हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘‘हे का करून राहिली तू?’’

‘‘पत्रिका करून राहिली.’’

‘‘आपलं ठरलं होतं ना, बारीक टाकायचं म्हणून?’’

मी त्यांना आधीचं कार्ड दाखवलं, बारकोडवालं. ‘‘हे पाहा, बारीक टाकून पाह्यलं. हे अक्षर बारीक होत नाही भाऊजी. केलं का मरते.’’

‘‘मंग अक्षर बदलव.’’

‘‘नाही बदलवत.’’

‘‘लोक का म्हणतीन?’’

‘‘वाचतीन आधी. मंग म्हणतीन.’’

ते स्टुलावर बसले. आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘तुले समजत नाही असं नाही. शुभकार्यात पयलं नाव असं नसते. अपशकून असते वं. पोरीच्या भल्यासाठी सांगून राहिलो.’’

तो शब्द ऐकला आणि माझ्यातलं सगळं ‘बरं’ संपलं. मी अल्बम उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. ‘‘मोजा. माह्या नवऱ्याच्या मागं या दुकानातून गेल्या त्या सगळ्या पत्रिका माह्या हातानं लागल्या. देवाचं नाव मी टाईप केलं, नवरीचं नाव मी टाईप केलं. शाई मी ओढली. अर्ध्या महालाचे लग्न याच हातानं झाले. तुमच्या पोराची पत्रिका कोणं लावली होती? तुमचा नातू दोन वर्षाचा झाला, आंगणात पळून राहिला. कोणता अपशकून झाला थे सांगा मले. हात चालते, नाव चालत नाही?’’

दिरांनी अल्बम न उघडताच टेबलावर ठेवला. मग उठले. कार्डाची चौघडी करून खिशात घातली आणि म्हणाले, ‘‘असंच छापणार अशीन तर मी लग्नाले येत नाही.’’

‘‘तुमची मर्जी. पण तुमचं नाव मी काढणार नाही. थे चोवीसमध्येच राहीन.’’

ते पायरी उतरून गेले. मी फार शूर असल्यासारखं हे सांगते आहे, पण ते गेल्यावर मी ती फाईल उघडून माझ्या नावापाशी बराच वेळ बसले. पोरीला वडील नाहीत. आता मोठे बाबाही नसतील, आणि कशासाठी, तर एका ओळीसाठी. मी तिला फोन करून झालं ते सांगितलं. ती म्हणाली, ‘‘कन्यादान तू करजो. नाव नको काढू.’’ फोन ठेवला आणि जरा रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाळी तयार झाली होती. शाई ओढायला घेणार तेवढ्यात दारात जाऊबाई. महालाच्या गर्दीत एकट्या कधी न येणाऱ्या, आज ऑटो करून आल्या होत्या. मला वाटलं, समजवायला पाठवलं. मी आधीच कमरेला पदर खोचला.

त्या पाणी प्यायल्या. पिशवीतून चौघडी केलेलं ते कार्ड काढलं आणि टेबलावर सरळ केलं. ‘‘ह्याइच्या खिशात सापडलं. कपडे धुवाले टाकत होती.’’

‘‘वाचलं?’’

‘‘वाचलं. चांगलं दिसते तुहं नाव.’’ मग ‘सौ. व श्री.’वर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘याच्यात मी कुठं हाय?’’

मी त्या ‘सौ.’कडे पाहिलं. दोन अक्षरंही नाहीत धड, एक अक्षर आणि एक टिंब. मला माझा राग इतका मोठा वाटत होता, आणि नवरा जिवंत असलेली ही बाई आयुष्यभर एका टिंबामागे उभी होती. तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा मी तिथेच होते. विचारलेलं ऐकूनही मी छापून दिलं होतं.

‘‘माहंबी टाक,’’ त्या म्हणाल्या.

‘‘आन् भाऊजी?’’

‘‘त्याइचं त्याइले माहीत.’’

मी तयार जाळी बाजूला ठेवली आणि फाईल पुन्हा उघडली. अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना जाऊबाई म्हणत आले. त्यांचं नाव टाईप करायची ही पहिलीच वेळ होती. टाईप करून विचारलं, ‘‘केवढं करू?’’

‘‘तुह्याएवढं,’’ जाऊबाई म्हणाल्या.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची ती थोरल्या घरी, दिरांकडे, तशी आमच्याकडे रीत आहे. छापून झाल्यावर मी गठ्ठा घेऊन गेले. दीर हॉलमध्ये बसले होते. पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळदीकुंकू लावतात, ते सवाष्णीने लावायचं. जाऊबाईंनी करंडा उघडला आणि माझ्यापुढे धरला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ‘‘लाव ना, काहून थांबली?’’ असं त्या मोठ्याने म्हणाल्या, हॉलमध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मी चारही कोपऱ्यांना लावलं.

देवापुढे ठेवून झाल्यावर दुसरं कार्ड मी दिरांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंच धरलं, दुसऱ्या हाताने खिसा चाचपला. चष्मा टीव्हीजवळ होता, मला दिसत होता.

‘‘चष्मा कुठं गेला कोण जाने,’’ ते म्हणाले. ‘‘मंग पाहू.’’

‘‘राहू द्या भाऊजी,’’ मी कार्ड त्यांच्या हातात सरळ करून दिलं. ‘‘याले चष्मा लागत नाही.’’

जाऊबाई देवघराच्या दारात उभ्या होत्या. दिरांनी कार्ड हातभर लांब धरलं आणि वरून खालपर्यंत वाचलं.